लक्षद्वीपला न्यायचा ड्रम: ५० लिटर, निळा, आट्याच्या झाकणाचा

लक्षद्वीपला बदली झाली की नागपूरकर आधी इतवारी बाजार गाठतात आणि धान्य न्यायला पत्र्याची पेटी घेऊन येतात. घेऊ नका. इथल्या कोरड्या हवेत ती जन्मभर टिकेल. तिथल्या खाऱ्या वाऱ्यात वर्षभरात बिजागऱ्या गंजून धरतात. तोंड मोठं, झाकणाला आटे, असा निळा प्लास्टिकचा ड्रम घ्यावा. पट्टीच्या क्लॅम्पचाही मिळतो आणि झाकण छान बसतं त्याचं, पण पट्टी लोखंडाचीच. तीही गंजणार.

माप ५० लिटरच. बऱ्याच बेटांपाशी कोचीहून आलेलं जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर उभं राहतं आणि माणसं, सामान होडीत उतरवतात. होडी लाटेवर हलत असते, ड्रम हातोहात जातो. पंचवीस किलोच्या वर गेला की घेणारा वैतागतो. याच ड्रमात नुसता तांदूळ भरला तर चाळीसेक किलो होतो, म्हणून १२ किलो तांदूळ, ५ किलो तूरडाळ आणि वर पापड, वड्या, सांडगे, मसाले. ७५ लिटरचा थोड्याच जास्त पैशात मिळतो, तरी मोह टाळा.

दुकानात दोन गोष्टी बघा. तोंडाच्या आट्यांवरून साच्याची शिवण उभी गेलेली असते. तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर झाकण कितीही आवळा, हवा तिथूनच आत शिरणार. मग दोन तांबे पाणी घालून झाकण लावा आणि ड्रम कागदावर उलटा ठेवा. पंधरा मिनिटांत कागद ओला झाला तर झाकणातलं रबर वाईट किंवा शिवण. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

जुने ड्रम निम्म्या किमतीत मिळतात. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन धुऊन जात नाही. अन्नासाठी नवाच घ्या.

भरायचा तो मे महिन्यात. ही नागपूरकरांची खरी चैन: मेची हवा इतकी कोरडी की डाळ, मिरच्या दोन उन्हं खाल्ल्या की कडकडीत. जुलैत भरलात तर इथलीच दमट हवा आत कोंडून नेता आणि पापड सादळलेलेच पोचतात. मात्र भर दुपारी झाकण आवळू नका. ४५ अंशांची हवा रात्री निवली की आकसते, झाकण आत ओढलं जातं आणि सकाळी दोघांनाही उघडत नाही. पहाटे बंद करा. तिखटापेक्षा अख्खी भिवापुरी मिरची न्या. पूड लवकर ओल धरते, गुठळ्या होतात. सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण निळ्या दाण्यांच्या नकोत, त्यात कोबाल्ट असतं.

पुठ्ठे, पाकिटं, बरण्या नागपुरातच काढून टाका. लक्षद्वीपचं सगळं क्षेत्रफळ मिळून ३२ चौरस किलोमीटर. तिथे कचरा टाकायला जागा कुठली?

पोचल्यावर बिघडतं ते एकाच कारणाने: रोज झाकण उघडणं. प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते. आठवड्याचं स्टीलच्या डब्यात काढा, ड्रम आठवड्यातून एकदाच उघडा, तोही दुपारी, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना. फरशीवर ठेवू नका, खाली दोन फळ्या द्या. नारळांच्या बेटांवर उंदीर भरपूर. पोतं एका रात्रीत फोडतात, गुळगुळीत ड्रमवर मात्र दात सहज चालत नाहीत.

हा साठा चैनीचा नाही. कांदे, बटाटे, भाजी मुख्य भूमीवरूनच येतात, आणि जून ते सप्टेंबर समुद्र खवळला की जहाजाचं वेळापत्रक कागदावर राहतं. दुकानातला कांदा संपला तर पुढच्या बोटीची वाट बघायची. (कुलर नेऊ नका. त्या दमट हवेत पाणी उडत नाही, नुसता पंखा फिरतो.)

साठा संपला की ड्रम पावसाचं पाणी धरायला कामी येतो. बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरीचा उपसा जास्त झाला की खारं वर येतं. लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला, २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटरचा. तरी पागोळीचं पाणी सोडू नये. पहिल्या सरीचं जाऊ द्या, छपरावरची घाण त्यात येते. तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर डास. ड्रम सावलीत हवा. सतत उन्हात राहिला की काही वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि आधी चिरतं ते कडीपाशी. कड्या तशाही या ड्रमचं दुबळं अंग. उचलताना बुडाला हात द्या.