ढाल बकीच्या हाती : ‘द डेथ ऑफ कॅप्टन अमेरिका – द कम्प्लीट कलेक्शन’ घ्यावं का?

मागवण्याआधी मुखपृष्ठावर ‘कम्प्लीट कलेक्शन’ हे शब्द आहेत ना, ते नीट बघा. मार्व्हलच्या ‘कॅप्टन अमेरिका’ या कॉमिक्स मालिकेतल्या या कथेचं ‘द डेथ ऑफ कॅप्टन अमेरिका’ हे नाव घेऊन बरंच काही विकलं जातं. अंक २५ ते ४२ तीन सुट्या खंडांत निघाले, मग त्याच अंकांचा हार्डकव्हर ओम्निबस (सगळे अंक एकाच जाड पुस्तकात) आला, आणि लॅरी हामाने लिहिलेली याच नावाची गद्य कादंबरीही आहे. ऑनलाइन दुकानात फोटो बोटाएवढा असतो. घाईत कादंबरी मागवली तर पाकिटातून एकही चौकट निघणार नाही.

कम्प्लीट कलेक्शनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या मालिकेचे अंक २२ ते ४२, म्हणजे २१ अंक, आणि ‘विंटर किल्स’ हा एक जादा अंक आहे. लेखक एड ब्रुबेकर, मुख्य चित्रकार स्टीव्ह एप्टिंग. स्टीव्ह रॉजर्स मरतो आणि त्याचा युद्धकाळातला पोरगेला जोडीदार बकी बार्न्स कॅप्टन अमेरिका होतो, एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. (यापुढे कथा फुटणार आहे.) ठाऊक नसतं ते हे, की बकी तो पोशाख चढवतो थेट ३४व्या अंकात. म्हणजे आधीचे १२ अंक वाचून झाल्यावर. आणि त्यातही २५व्या अंकात स्टीव्ह गेल्यानंतरचे आठ अंक कॅप्टन अमेरिका नावाच्या मालिकेत कॅप्टन अमेरिकाच नाही!

हेच या पुस्तकाचं बळ आहे. इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्या मराठी माणसाला मुखवट्याचा वारसा नवा नाही. वेताळ मरतो, मुलगा शपथ घेतो, आणि जंगलाला वाटतं की हा तोच, अमर. इथे ती सोय नाही. न्यायालयाच्या पायऱ्यांवर, बेड्या घातलेल्या अवस्थेत, कॅमेऱ्यांसमोर स्टीव्हला गोळ्या लागल्या आहेत. तो प्रसंग सावकाश बघा. स्टीव्हला समोरच्या माणसाच्या पाठीवर लेझरचा लाल ठिपका दिसतो, तो त्याला ढकलतो आणि पहिली गोळी स्वतःवर घेतो. बंदूकधारी क्रॉसबोन्स लांब इमारतीत आहे. पण जवळून झाडलेल्या गोळ्यांचं काय, ते अंकाच्या शेवटी कळतं, आणि तिथून स्टीव्हची प्रेयसी शॅरन कार्टर हिची परवड सुरू होते.

पुढचे अंक हेरकथेच्या चालीने जातात. प्रदर्शनात मांडलेली ढाल नकली आहे हे बकी ओळखतो आणि खरी ढाल शील्ड या सरकारी हेरसंस्थेच्या ताब्यातून, ब्लॅक विडोशी दोन हात करून, पळवतो. शील्डचा प्रमुख टोनी स्टार्क (आयर्न मॅन) त्याला कॅप्टन अमेरिकाची जागा देऊ करतो ते स्टीव्हने मागे ठेवलेल्या पत्रामुळे. बकी अटी घालतो : डोक्यात पेरलेले जुने हुकूम पुसले गेलेत याची खात्री करून द्या, आणि मी कोणाच्या हाताखाली काम करणार नाही. नव्या पोशाखाचा आराखडा चित्रकार अॅलेक्स रॉसचा आहे. काळा, चकचकीत, कमरेला पिस्तूल आणि सुरा. अनेकांना ते पिस्तूल आजही खुपतं. पण अनेक दशकं रशियाचा ‘विंटर सोल्जर’ नावाचा मारेकरी म्हणून वापरला गेलेला माणूस एका रात्रीत ढालीच्या भरवशावर लढू लागला असता, तर तेच खोटं वाटलं असतं. लोक त्याला लगेच स्वीकारत नाहीत. कॅप्टन अमेरिकाचा जुना शत्रू रेड स्कल याने अर्थव्यवस्था खिळखिळी केलेली, गर्दी चिडलेली, आणि समोर हा अनोळखी कॅप्टन. त्याला स्टीव्हच्या जुन्या साथीदाराची, फाल्कनची, साथ मिळते. हा फाल्कन, सॅम विल्सन, २०१४ मध्ये स्वतः ढाल उचलतो. हे माहीत असताना त्या चौकटी वाचायला वेगळीच गंमत येते.

आता अडचणी. अंक २२ ते २४ हे ‘सिव्हिल वॉर’ या, मार्व्हलच्या नायकांमधल्या आपसातल्या लढाईच्या कथेचे जोड-अंक आहेत, पण मूळ सात अंकी ‘सिव्हिल वॉर’ या पुस्तकात नाही. स्टीव्ह शरण येतो ते त्याच्या सातव्या अंकात. त्यामुळे २४ संपून २५ सुरू होताना बेड्या आल्या कुठून, असा प्रश्न पडतो. रेड स्कल लुकिन नावाच्या रशियन उद्योगपतीच्या शरीरात का आहे, हेही इथे नव्याने समजावलेलं नाही. ते आधीच्या दोन संचांत येतं : ‘विंटर सोल्जर अल्टिमेट कलेक्शन’ (अंक १ ते ९ आणि ११ ते १४) आणि ‘रेड मेनेस’ (१५ ते २१). पहिला संच वाचल्याशिवाय हा घेऊ नका. बकी कोण हेच माहीत नसेल, तर १२ अंकांची वाट बघणं निव्वळ ताटकळणं ठरेल.

फ्रँक डार्माटाची रंगसंगती गडद, तपकिरी-काळ्याकडे झुकलेली आहे. पिवळ्या दिव्याखाली रात्रीचे प्रसंग चिखल होतात, तेव्हा दिवसाउजेडी वाचा. पुस्तक जाड आणि बांधणी चिकटवलेली असल्याने जोडपानांचा मधला भाग खाचेत जातो. पुस्तक दाबून सपाट करायला जाऊ नका, पाठ तडकेल. एप्टिंगखेरीज माइक पर्किन्स, बुच गाइस, ल्यूक रॉस यांचाही हात आहे, पण शैली इतकी जुळवलेली की फारसं खटकत नाही. ‘विंटर किल्स’ची चित्रं ली वीक्सची. त्यात बकीची गाठ पॅट्रियट या पोराशी पडते. तो आयझेया ब्रॅडली या कृष्णवर्णीय सैनिकाचा नातू. आयझेयावर झालेले, महासैनिक बनवण्याचे प्रयोग २००३च्या ‘ट्रुथ’ या सात अंकी मालिकेत आहेत. वारशाच्या विषयासाठी वाचत असाल तर तीही शोधा.

अंक ४२ला रेड स्कलचा डाव संपतो, बकीची कारकीर्द नाही. पुढे ४३ ते ४८ ‘द मॅन विथ नो फेस’. त्यानंतर गफलत ठरलेली : ५०व्या अंकानंतर थेट ६००वा येतो. मधले अंक गहाळ नाहीत, जुन्या मालिकांचे आकडे जोडून मार्व्हलने २००९ मध्ये क्रमांक बदलला. विक्रेता ‘५१ ते ५९ मिळवून देतो’ म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.