कोल्हापुरातल्या बिलिंग ॲप कंपनीत सपोर्टची नोकरी: पाचपैकी तीन

कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानदारांना बिलिंगचं ॲप वर्षाच्या वर्गणीवर विकणारी कंपनी, संस्थापक इथलेच, पैसा बाहेरच्या गुंतवणूकदारांचा. मी लागले तेव्हा सगळे एकत्र डबा खायला बसायचे. सोडली तेव्हा वरच्या मजल्यावर कोण काय करतं हेही माहीत नसायचं, इतकी माणसं वाढली होती. मी कस्टमर सपोर्टमध्ये होते, शेवटी टीम लीड. त्याआधी शाहूपुरीत एका कर सल्लागारांकडे रिटर्न भरायचं काम करत होते. आता बी.कॉम. झालेली पोरं-पोरी सारखी विचारतात, "ताई, तिथं लागू का?" प्रत्येकाला फोनवर सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी चांगलं. शिकायला रग्गड मिळतं. कर सल्लागाराच्या ऑफिसात दुकान फाइलीतून दिसतं, इथे ते चालताना दिसतं. लक्ष्मीपुरीतल्या धान्य व्यापाऱ्याचं बिल वेगळं, महाद्वार रोडच्या कापड दुकानाचं वेगळं, औषध दुकानदाराला बॅच नंबर आणि एक्स्पायरी हवी, सराफाला मजुरी वेगळी दाखवायची असते. हे सगळं फोनवर ऐकून, समोरच्याची स्क्रीन न बघता सोडवायचं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला थ्रीबी या जीएसटीच्या दोन रिटर्नची मुदत, त्यामुळे १० आणि १९ ला पाणी प्यायला उठायची सोय नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्या वर्षाची बिलांची मालिका सुरू करायची, तेव्हाही तेच. वर्षभर हे केलेल्या माणसाला कुठल्याही व्यापाऱ्यासमोर बसवा, तो गडबडत नाही. ही कमाई खरी आहे आणि तिचं श्रेय मी कंपनीला मनापासून देते.

दुसरं चांगलं म्हणजे रात्रीच्या शिफ्टची सोय. रात्री साडेनऊनंतर बायकांना थांबवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षित घरी पोचवायची व्यवस्था लागते, हा महाराष्ट्राचा कायदाच आहे. पण कायदा असणं आणि गाडी दारात उभी असणं यात फरक असतो. आमच्याकडे गाडी असायची. कसबा बावड्याची मुलगी घरात शिरेपर्यंत ड्रायव्हरकाका गेटवर थांबायचे. एचआरने यात कधी हात आखडता घेतला नाही.

आता २०२५ चा सप्टेंबर. कंपनी आतून कशी चालते हे मला त्या तीन आठवड्यांत दिसलं.

३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून बहुतेक माल ५ आणि १८ मध्ये आणायचं ठरवलं. लागू २२ पासून, म्हणजे ऐन घटस्थापनेला. आदला दिवस रविवार, त्यात सर्वपित्री अमावस्या. नवरात्र म्हणजे कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी लोटते, देवळाभोवतीच्या दुकानांना बसायला फुरसत नसते, आणि त्याच सकाळी साबण, शाम्पू, बिस्किटं, फरसाण, तूप या सगळ्यांचे दर बदललेले हवेत. आमच्या डेव्हलपर मुलांनी इथे कमाल केली. एचएसएन कोडवरून, म्हणजे मालाच्या प्रकाराच्या सरकारी क्रमांकावरून, सगळ्या मालाचे दर एकदम बदलायची सोय त्यांनी वेळेच्या आत उभी केली. किराणावाल्यांचं काम त्यामुळे दहा मिनिटांत झालं. त्या मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण चपला आणि कपडे यांचं गणित वेगळं. तिथे दर किमतीवर ठरतो. चपलेचा जोड २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर १८. पूर्वी ही सीमा १,००० ला होती. माझ्या टीममधल्या एका मुलीने चाचणीतच पकडलं होतं की आपलं सॉफ्टवेअर आधी दर ठरवतं आणि मग सूट वजा करतं. म्हणजे २,७०० चा जोड ३०० सोडून २,४०० ला दिला तर ५ टक्के लागायला हवेत, आणि लागतात १८. तिने तिकीट टाकलं, म्हणजे सिस्टीममध्ये चुकीची नोंद केली, बिलाचे फोटो जोडले, उदाहरण लिहिलं. ॲपमध्ये काय आधी दुरुस्त करायचं हे ठरवणाऱ्या, बंगळुरूला बसणाऱ्या प्रॉडक्ट टीमने त्यावर 'लो प्रायॉरिटी' लावलं. मी दोनदा आठवण केली. उत्तर आलं की असे ग्राहक थोडे आहेत.

थोडे कसे असतील? आम्ही कोल्हापुरात बसतो!

२२ ला सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या चप्पल लाइनमधून एका काकांचा फोन. "ताई, तुमचं मशीन २,४०० च्या जोडाला ४३२ रुपये टॅक्स दाखवतंय. गिऱ्हाईक मोबाईल काढून मला बातमी दाखवतंय, काका ५ टक्के झालाय म्हणून. मी काय सांगू त्याला?" टॅक्स हवा होता १२०. एका जोडामागे ३१२ रुपयांचा फरक, आणि समोर रांग. मी त्यांना हाताने दर बदलायची वाट सांगितली. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने जोड गुंडाळत त्यांनी ते केलं. त्यांचं झालं तेवढ्यात पुढचा फोन वाजत होता, तोही चपलांचाच. मग कपडेवाले सुरू झाले.

दुरुस्ती आली बुधवारी संध्याकाळी. तोवर झालेल्या चुकीच्या बिलांसाठी दुकानागणिक क्रेडिट नोट (जुनं बिल वळतं करणारा कागद) काढून नवी बिलं करून देणं हे काम सपोर्टने केलं, नवरात्र संपेपर्यंत करत होतो. त्यानंतरच्या टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या बैठकीत, प्रॉडक्ट टीमला दरबदल वेळेत पार पाडल्याबद्दल शाबासकी मिळाली आणि सपोर्टचा फोन उचलायचा सरासरी वेळ लाल रंगात दाखवला गेला. तिकीट टाकणारी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही.

माझी खरी तक्रार हीच आहे. ग्राहक वाढले की सेल्सची माणसं वाढतात, कारण ती पैसे आणतात. फोन उचलणारी माणसं तेवढीच राहतात. दुकानात काय बिघडलंय हे सगळ्यात आधी फोन उचलणाऱ्याला कळतं आणि निर्णयाच्या खोलीत त्यालाच कुणी बोलवत नाही. आमचे तेव्हाचे मॅनेजर सर मात्र यावर भांडले. दर गुरुवारच्या प्रॉडक्ट मीटिंगला सपोर्टचं एक माणूस बसणार, हे त्यांनी करून घेतलं. दोन महिने फार चांगलं चाललं, जुनी रखडलेली तिकिटं निघाली, फोनही कमी झाले. मग सरांनी दुसरीकडे नोकरी घेतली आणि नव्या मॅनेजरने ती खुर्ची काढून टाकली. एवढं महत्त्वाचं काम एका माणसाच्या जोरावर चालत होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

भाषेबद्दल एक सांगते. गडहिंग्लजकडच्या आमच्या दोघी कन्नड सफाईने बोलायच्या. बेळगाव, हुबळीचे सगळे फोन त्यांच्याकडे. कर्नाटकातला धंदा त्यांच्या जिभेवर चालायचा. भत्ता शून्य.

पगाराचं आता. ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख ६० हजार दिसले की घरचे खूश होतात आणि महिन्याला ३० हजार धरतात. त्या ३० मध्ये काय काय असतं ते बघा. बेसिक १५ हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीचे सातशेच्या वर, मेडिक्लेमचा हप्ता, आणि दहा टक्के व्हेरिएबल म्हणजे ३ हजार, जे तिमाहीला 'कंपनीच्या कामगिरीनुसार' मिळतं. मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी १,८००. पुरुषांना व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. बायकांना २५ हजार पगारापर्यंत तो नाही. हातात उरतात साधारण २२ हजार. पीएफ तुमचाच आहे, तो कुठे जात नाही. पण ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, आणि सपोर्टमध्ये दोन-अडीच वर्षांवर टिकलेली माणसं मी बोटावर मोजू शकते. म्हणजे तो आकडा बहुतेकांसाठी कागदावरच.

याच कामाला पुण्याच्या ऑफिसात जास्त पगार होता. विचारलं की "कोल्हापुरात खर्च कमी" हे उत्तर ठरलेलं. मला हे पटत नाही आणि पटणार नाही. दुकानदाराची वर्गणी तीच, त्याच्या फोनला उत्तर तेच, मग आईवडिलांच्या घरात राहते म्हणून माझ्या कामाचा भाव का उतरावा?

शेअर्सचं पण विचारता सगळे. लीड झाल्यावर मला ईसॉपचं, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काचं, पत्र मिळालं. कायद्याने पहिलं वर्ष काहीच हाती येत नाही, आमच्या पत्रात पुढे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने होते. नोकरी सोडली की ९० दिवसांत पैसे भरून ते विकत घ्यायचे, वर त्या दिवशीची किंमत आणि आपण भरलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा टॅक्स. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे शेअर विकायचे कुणाला? मी घेतले नाहीत. मुलाखतीत शेअर्सच्या नावाखाली पगार कमी सांगितला तर मान्य करू नका.

माझं मत असं: पहिली नोकरी म्हणून दोन वर्षांसाठी जा, डोळे उघडे ठेवून. मुलाखतीत एका सपोर्टवाल्याकडे किती ग्राहक येतात ते विचारा. व्हेरिएबल गेल्या चार तिमाहींत किती टक्के दिलं ते विचारा. शनिवारचं विचारा, 'आल्टरनेट', म्हणजे एकाआड एक सुट्टी, म्हणतात पण २० तारखेच्या आधीचा शनिवार कायम कामाचाच असतो. घर चालवायची जबाबदारी एकट्यावर असेल तर या पगारात नका जाऊ.

सोडताना नोटीस ६० दिवसांची आहे, पैसे भरून कमी करता येते. हिशेबाचे पैसे मला उशिरा आले, पण पूर्ण आले. एक नक्की करा: राजीनामा टाकायच्या आधीच सगळ्या पगारस्लिपा, फॉर्म १६ आणि ऑफर लेटर आपल्या ईमेलवर घेऊन ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला पोर्टलचं लॉगिन बंद होतं, आणि नंतर एकेका स्लिपसाठी एचआरच्या मागे लागावं लागतं.