होडी पाण्यात उतरवायला काय घ्यावं: गोल्फ कार्ट, विंच की ट्रॅक्टर?

चौदा-पंधरा फुटांची फायबरची होडी, किनाऱ्याला लागून घर, आणि दर वेळी होडी ढकलायला माणसं गोळा करायची. अशात कुठल्या तरी रिसॉर्टने काढून टाकलेली बॅटरीवरची गोल्फ कार्ट स्वस्तात मिळत असेल, तर हीच होडीला जुंपावी असं मनात येणारच. जुंपता येते, पण आधी थोडा हिशेब करा.

होडी, इंजिन, इंधन आणि ट्रॉली मिळून 400 किलो धरू. दहा फुटांना एक फूट असा चढ असेल, तर नुसत्या चढासाठी 40 किलोची ओढ लागते. खरी ताकद खाते ती पुळण. बारीक चाकांची ट्रॉली कोरड्या वाळूत रुतली, की वजनाचा पाव हिस्सा म्हणजे आणखी 100 किलो. रुंद, कमी हवेची फुगीर चाकं लावली, तर तेच 40 पर्यंत उतरतं. हे ठोकताळे आहेत, पण निर्णयाला पुरतात. आता कार्ट: बॅटऱ्यांसकट 400 ते 500 किलोची, भार जास्त करून मागच्या चाकांवर. वाळूत तिची पकड शंभरेक किलोची, आणि त्यातली निम्मी तिला स्वतःला चढायलाच लागते. म्हणून मी ठामपणे सांगेन, पैसे आधी ट्रॉलीच्या चाकांवर घाला, कार्टवर नंतर.

कार्टमध्ये लोक पहिली हौस करतात ती मोठ्या टायरांची. टायर रुंद हवेत, उंच नव्हेत. उंची वाढली की ओढ घटते, मग डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचे, गिअर बदलण्यापर्यंत खर्च जातो. जुनी 36 व्होल्टची कार्ट असेल तर जाडजूड केबल आणि जास्त अँपिअरचा कंट्रोलर (मोटरला किती वीज जाईल ते ठरवणारा भाग) हवाच. नाही तर चढावर वायरिंग तापतं.

मोठा शत्रू खारं पाणी. बहुतेक कार्टची मोटर मागच्या अॅक्सललाच, जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. एक लाट पुरे. लेड-अॅसिड बॅटरीच्या आत समुद्राचं पाणी गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तेव्हा हा प्रश्न फक्त गंजाचा राहत नाही. यावर उपाय असा: कार्टच्या पुढच्या बाजूला हुक बसवा, मध्ये लांब दांडा घ्या आणि होडी पुढे ढकलत उतरवा. मोटर कोरड्या बाजूला राहते. वर आणताना मात्र हाच हुक वापरू नका. भार उताराकडे ओढतो, मागची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरून खड्डा करतात. त्यापेक्षा रिकामी कार्ट वरच्या घट्ट, सपाट जमिनीवर न्या आणि मागच्या हुकाला लांब दोर बांधून होडी ओढा. तिथे पकड चांगली मिळते, आणि कार्टला स्वतःला चढायचंही नसतं.

मग दोरच वापरायचा तर 12 व्होल्टची विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं यंत्र, का नको? चढवण्यासाठी ती सरस आहे: पाण्याजवळ जात नाही, आणि एक सुटी कप्पी लावली की ओढ जवळजवळ दुप्पट होते. वेग तेवढा कमी. पण होडी खाली ढकलायला तिचा उपयोग नाही, आणि आपल्याकडच्या सपाट किनाऱ्यांवर ट्रॉली आपोआप घरंगळत नाही. होडी महिन्यातून दोन-तीनदाच काढत असाल तर विंचच घ्या, उतरवताना तेवढी माणसं बोलवा.

ट्रॅक्टरबद्दल थोडक्यात: चारही चाकं ओढणारा छोटा ट्रॅक्टर हे काम सहज करतो. मात्र एका होडीसाठी विकत घेण्यापेक्षा गावातला भाड्याने बोलावणं बरं.

गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणं कायद्याने बंद आहे, म्हणून तिथे विंचच. महाराष्ट्रात ग्रामपंचायत आणि पोलिसांना आधी विचारा. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या ठिकाणी हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकांच्या चाकोरीत अडकलेली पिल्लं समुद्रापर्यंत पोचत नाहीत, तेव्हा अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत भरतीरेषेच्या वर चाक नेऊच नका. होडी माणसांनीच उचला.

कार्टचा सौदा करण्याआधी एक ओहोटी बघून ट्रॉलीला दोर बांधा. चार माणसांना होडी न थांबता वर आणता आली, तर दोरावर कार्टलाही जमेल. सहावा माणूस हाक मारून बोलवावा लागला, तर कार्टचा विचार सोडा.