स्ट्रॅप व्हेस्ट घेताय? आधी त्यात गॅलनभर दूध घाला

अमेरिकेतल्या साउथ डकोटात सकाळी १० च्या आधी फेझंटवर (हा लांब शेपटीचा रानपक्षी) बंदूक उचलता येत नाही. त्यामुळे गाड्यांच्या मागे कॉफी पीत उभं राहायला भरपूर वेळ मिळतो आणि तेव्हा सगळ्यांचीच व्हेस्टं, म्हणजे काडतुसं आणि मारलेले पक्षी ठेवायची शिकारीची बिनबाह्यांची जाकिटं, छान दिसतात. रिकामी असतात ना!

गेल्या महिन्यात इथल्याच, म्हणजे मिनेसोटातल्या, एका मराठी मित्राचा फोन आला. त्याला विचारायचं होतं, स्ट्रॅप व्हेस्ट (म्हणजे नुसत्या पट्ट्यांवर पेललेलं) साधं घेऊ की कंबरपट्ट्याचं? अर्धा तास बोललो, पण त्याचं समाधान झालेलं वाटलं नाही आणि माझंही झालं नाही. म्हणून नीट लिहून काढतो. मी दोन्ही वापरली आहेत. साधं तीन सीझन, कंबरपट्ट्याचं चार.

पाठ-पोट झाकणारं जुन्या पद्धतीचं व्हेस्ट मी विचारातच घेत नाही. ऑक्टोबरात दुपारी अंगातला शर्टसुद्धा नकोसा होतो आणि डिसेंबरात त्याच रानात तीन थर चढवावे लागतात. एका मापाचं व्हेस्ट दोन्हीला कसं पुरणार? तुम्ही स्ट्रॅपवाल्यापर्यंत आला असाल तर हे तुम्हाला ठाऊक असेलच.

तर साधं म्हणजे खांद्यावरून दोन रुंद पट्टे, मागे पक्ष्यांची पिशवी, बाजूंना काडतुसांचे खिसे आणि कमरेला एक नावापुरती पट्टी. माझं ७० डॉलरच्या आत आलं होतं. दुसऱ्या प्रकारात कंबरपट्टा हाच मालक. चार बोटं रुंद, आतून गादी, खिसे आणि पिशवी त्यालाच जोडलेली. खांद्यावरचे पट्टे आपले वरून सावरायला. यासाठी २५० ते ३०० डॉलर मोजावे लागतात, आणि माझ्या घरी त्या खरेदीवर जी चर्चा झाली ती इथे देत नाही. कंपन्यांची नावंही घेत नाही. मला जाणवलेला फरक घडणीचा आहे, लेबलाचा नाही.

वजनाचा अंदाज घेऊ. एक नर फेझंट सव्वा किलोच्या आसपास भरतो. साउथ डकोटात दिवसाला ३ नर मारता येतात, म्हणजे चांगल्या दिवशी पाठीवर पावणेचार-चार किलो. खंड्यासाठी (आमचा लॅब्रॅडॉर) आणि माझ्यासाठी मिळून दोन लिटर पाणी. बारा बोअरची २५ काडतुसं सव्वा किलोच्या घरात. सगळं मिळून सात किलो होतात. सात किलो काही फार नव्हे, शाळेतली पोरं दप्तरातून नेतात. पण दप्तर पाठीवर असताना त्या पोरांना अचानक खांद्याला बंदुकीचा दस्ता लावायचा नसतो.

माझी फजिती झाली ती साउथ डकोटातच, रेडफिल्ड गावाच्या बाजूला, अंगावर साधं व्हेस्ट असताना. त्या स्पिंक काउंटीतच १९१९ साली या राज्यातला पहिला फेझंट सीझन झाला होता. फेझंट मुळात चीनचा, १८८० च्या दशकात ऑरेगॉनला आणलेला. साउथ डकोटाने त्याला १९४३ मध्ये राज्यपक्षी करून टाकलं. आमच्या ग्रीनकार्डच्या रांगेपेक्षा त्याचं काम बरंच लवकर झालं म्हणायचं. तिथे एका पाणथळीच्या कडेला ज्वारी उभी होती. इथे तिला मायलो म्हणतात आणि कडेकडेने पक्ष्यांसाठी मुद्दाम राखतात. मी सोलापूरकडचा. पहिल्या वर्षी बंदूक बगलेत धरून कणसं चोळून बघत बसलो होतो. हुरडा केव्हाच निघून गेला होता, नाहीतर शिकार तिथेच थांबली असती.

दोन नर पिशवीत पडले होते. दुपारचे तीन वाजले असतील. खंड्या पाणकणसात घुसला आणि तिसरा नर थेट माझ्यासमोरून उठला, लांब शेपूट ओढत, नेहमीसारखा शिव्या घालत. वीस-पंचवीस पावलं, पाठीमागे ऊन. याहून सोपा पक्षी देव देत नाही. मी बंदूक वर आणली. दस्ता खांद्याच्या खळग्यात बसायचा तो कशाला तरी अडकला, बाहेर घसरला आणि दंडावर टेकला. तोवर बोट दाबलं गेलं होतं. नर पाणथळ ओलांडून पलीकडच्या शेतात उतरला. खंड्याने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. रात्री मोटेलात शर्ट काढला तर दंडावर बंद्या रुपयाएवढा काळानिळा डाग.

अडकलं होतं ते पट्ट्याचं प्लास्टिकचं बकल. सकाळी कॉफी पिताना ते छातीच्या खाली बरगडीवर होतं, कोणाच्याही वाटेत नव्हतं. मागे दोन पक्षी पडले, पिशवी खाली लोंबली, तिने पट्टे खांद्यावरून मागे ओढले आणि पुढचं बकल सरकत सरकत बरोबर दस्त्याच्या जागी येऊन बसलं. पट्टा आवळून पाहिला तर मानेला काचायला लागला. सैल सोडला की बकल पुन्हा वर. पुढचे दोन दिवस मी दर दहा-पंधरा मिनिटांनी पदर सावरावा तसा तो पट्टा अंगठ्याने खाली ओढत चाललो. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला लायसन्सवर पाच-पाच दिवसांचे दोनच तुकडे मिळतात. त्यातले दोन दिवस असे गेले तर कसं वाटतं, ते तुम्हीच ठरवा.

आता हे सगळ्यांना होईल असं माझं म्हणणं नाही. मी साडेपाच फुटी माणूस. सहा फुटी माणसाच्या अंगावर बकल कदाचित खालीच राहील. डावखुऱ्यांचंही गणित वेगळं असू शकतं, कारण काही व्हेस्टांत बकल एकाच बाजूला असतं. माझ्या एका शिकारी शेजाऱ्याने दहा वर्षं असलंच साधं व्हेस्ट घातलं आहे आणि त्याला माझं बोलणं समजतच नाही. तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला नेमबाज आहे, हेही कबूल करतो.

कंबरपट्टेवाल्यात बकलं नाहीत असं नाही. पण तिथे भार खांद्यावर येतच नाही, त्यामुळे ती हलत नाहीत. आमची आजी विहिरीवरून भरलेली घागर आणायची ती कडेवर. दोन्ही खांदे मोकळे, एक हात मोकळा, आणि वाटेत भेटेल तिच्याशी गप्पा. कमरेच्या हाडावर वजन टेकलं की वरचं अंग विसरून जातं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मात्र पट्टा त्या हाडावरच बांधा. पोटावर बांधला तर तासाभरात घसरतो आणि मग सगळा भार पुन्हा खांद्यावर. आमच्या वयात हाड शोधायला थोडं चाचपावं लागतं, पण सापडतं.

त्याचे दोषही सांगतो. रिकामंच ते साध्याच्या जवळजवळ दुप्पट जड लागतं. जाड कोटावर बांधलं की निसटू पाहतं. डिसेंबरात मी पट्टा कोटाच्या आत घालून बघितला, तेही काही खरं नाही. गाडीत बसताना दर वेळी काढावं लागतं. आणि उत्तर मिनेसोटातल्या जंगलात ग्राउस नावाच्या लहान रानपक्ष्याच्या मागे फिरताना त्याचे बाजूचे फुगीर खिसे प्रत्येक फांदीला नमस्कार करत जातात. ग्राउस अर्ध्या किलोच्या आसपास, चालणं दोन-तीन तासांचं. तिथे मी आजही जुनं साधं व्हेस्टच नेतो. तुम्ही फक्त ग्राउसच करणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, ७० डॉलरवालं घ्या आणि उरलेल्या पैशांची काडतुसं आणा.

बाकी फरक किरकोळ, पण रोजच्या वापरातले. माझ्या साध्याच्या खिशाची झाकणं हातमोजा घातलेला हात आत गेला की वरून पडायची. दुसऱ्याची झाकणं मागे खोचून ठेवता येतात. धुण्याचंही तसंच. साध्याची पिशवी शिवून बंद केलेली, आत हात घालून कोपरे पुसायचे. तिथे पिसं, वाळलेलं रक्त आणि पक्ष्याच्या गळ्याच्या पिशवीतून सांडलेले ज्वारीचे दाणे, हे सगळं एका लगद्यात सापडतं. एका वसंतात मी ते तसंच गॅरेजमध्ये विसरलो होतो आणि वासाचं कारण शोधायला आम्ही उंदराचे पिंजरे लावले. दुसऱ्याची पिशवी चेन उघडली की चादरीसारखी सपाट होते, होजने पाणी मारायचं आणि कुंपणावर टाकायची.

नारिंगी रंगाकडे मात्र दोन्हीत लक्ष द्या. स्ट्रॅप व्हेस्टमध्ये कापडच कमी, त्यातून हल्ली खाकी रंगाची फॅशन आली आहे. मिनेसोटात अशा शिकारीला कमरेच्या वर भडक नारिंगी किंवा गुलाबी रंगाचं निदान एक कापड दिसलंच पाहिजे. आयोवात नारिंगीच हवा, आणि त्या कपड्याचा निम्मा पृष्ठभाग तरी. टोपीने नियम भागतो, पण पाणकणसात बुडालेल्या माणसाची टोपी कितीशी दिसणार? मी आत नारिंगी शर्ट घालतो.

घ्यायच्या आधी एक करा. इथे दुधाचा गॅलन मिळतो तो जवळजवळ चार किलोचा, म्हणजे बरोबर तीन नर. व्हेस्ट घरी आणा, टॅग काढू नका, बंद गॅलन मागच्या पिशवीत ठेवा आणि अर्धा तास घरात फिरा. जिने चढा-उतरा. मग दस्ता खांद्याला लावून बघा. बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासून, नाहीतर फरशी पुसायचा मॉपही चालतो. वीस वेळा लावा. एकदाही मध्ये काही आलं तर ते व्हेस्ट परत करा, मग ते कितीचंही असो, माझ्या आवडत्या प्रकारातलं असलं तरी. पहिल्या नराचं रक्त आत लागल्यावर कोणतं दुकान परत घेणार?

त्या मित्राने माझं अर्धंच ऐकलं. साधंच व्हेस्ट आणलं आणि परवा स्वयंपाकघरातून फोटो पाठवला. पाठीवर दूध, एका हातात मॉप, चेहऱ्यावर विजय. बकल कुठे आहे ते फोटोत नीट दिसत नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा मात्र पट्ट्यात अडकवलेला आहे.