आठ महिने खऱ्या चेनसोबत, त्याआधी तीन आठवडे खोट्या

घड्याळ काकांचं. रोलेक्स सबमरिनर, मॉडेल १४०६०, तारीख नसलेलं. काका मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते आणि १९९२ साली सिंगापूरला त्यांनी ते घेतलं. मूळ चेन कुठल्याशा बंदरात तुटली, ती पुन्हा लावलीच नाही. पुढची वीस वर्षं ते नायलॉनच्या पट्ट्यावर फिरलं. माझ्याकडे आल्यावर मी ठरवलं की याला याची चेन मिळवून द्यायची. वाटलं तेवढं सोपं नव्हतं.

या मॉडेलची चेन म्हणजे ऑयस्टर, नंबर ९३१५०. घड्याळाला टेकणारे टोकाचे तुकडे, ज्यांना एंड लिंक म्हणतात, ते ५०१ बी. एवढं वाचून मी स्वतःला जाणकार समजलो आणि ऑनलाइन एका विक्रेत्याकडून पहिली चेन मागवली. किंमत बाजारभावाच्या निम्मी. तिथेच थांबायला हवं होतं, पण 'सॉलिड एंड लिंक आहेत, एकदम भरीव माल' हे त्याचं वाक्य मला कौतुकाचं वाटलं.

चेन हातात आली आणि खरंच भरीव होती. लॉक जाडजूड, बंद करताना 'खट्ट' असा दमदार आवाज. मी फ्रिजवरचं लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. म्हणजे अस्सल, असा निष्कर्ष काढून तीन आठवडे मिरवली.

मग पुण्यातल्या एका जुन्या घड्याळजींकडे कड्या कमी करायला गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, लॉक उघडलं आणि म्हणाले, "साहेब, चेन छान आहे. रोलेक्सची नाही."

त्यांनी जे दाखवलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण मी सगळं उलटं समजून बसलो होतो. ९३१५० च्या मधल्या कड्या भरीव असतात, पण एंड लिंक पोकळ असतात, घडी घातलेल्या पत्र्याच्या. भरीव एंड लिंक आल्या त्या साधारण २००० पासून, तारखेच्या १६६१० मॉडेलवर, आणि त्या चेनचा नंबर वेगळा, ९३२५०. म्हणजे लॉकवर ९३१५० चा ठसा आणि टोकाला भरीव तुकडे, हे लग्नच जमत नाही. विक्रेता ज्याची जाहिरात करत होता तोच पुरावा होता!

लॉकचंही तसंच. नव्वदीतलं खरं लॉक पातळ पत्र्याचं, दाबून घडवलेलं असतं. लाखांच्या घड्याळाला असं डब्याच्या झाकणासारखं लॉक कसं, असं कुणालाही वाटेल. बनावट करणाऱ्यांनाही तसंच वाटत असावं, म्हणून ते सुधारून देतात. आतल्या मुकुटाचा (रोलेक्सची खूण) आणि अक्षरांचा ठसा खऱ्यात खोल, कडा किंचित गोलावलेल्या. माझ्या चेनवर तो वरवर कोरल्यासारखा, कडा बोचऱ्या. चेन कधी तयार झाली ते सांगणारा कोड लॉकच्या आत असतो; माझ्यावर होता 'सीएल ५', म्हणजे मे २००४. घड्याळजी हसले, "हा मे महिना माझ्याकडे बऱ्याचदा येतो."

चुंबकाचं तर काही सांगूच नका. रोलेक्सचं ९०४एल स्टील असो की बनावट चेनचं ३१६एल, दोन्हीला चुंबक धरत नाही. काका असते तर माझ्या त्या परीक्षेवर आठवडाभर हसले असते.

विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. असो.

दुसरी चेन मिळायला चार महिने गेले. या वेळी पैसे देण्याआधी फोटो मागितले: लॉकची आतली बाजू, एंड लिंकची मागची बाजू, स्क्रूंची डोकी, आणि चेन आडवी धरून तिचा झोल. जुनी चेन आडवी धरली की थोडी तरी लवते, कारण कड्यांमधल्या पिना झिजलेल्या असतात. पंचवीस वर्षांची म्हणून विकली जाणारी चेन पट्टीसारखी ताठ राहिली, तर मी तरी आता आधी शंका घेईन. घेतलेल्या चेनवरचा कोड 'एक्स'ने सुरू होतो, म्हणजे १९९९. घड्याळ १९९२ चं. म्हणजे चेन अस्सल, पण या घड्याळाची जन्मजात नव्हे. संग्राहकाला हा फरक खटकेल, मला चालला. कुठल्या तरी सबमरिनरची सवत म्हणून ती आमच्याकडे नांदतेय. एवढं मात्र नक्की की 'खरी' आणि 'मूळची' हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. विक्रेते ते एकत्र करतात.

आता वापराबद्दल. ही चेन खुळखुळते. पहिल्या आठवड्यात त्रास झाला, मग काकूंकडे गेलो तर स्वयंपाकघरातून त्यांनी मान वळवली. काका ताटावर बसले की हाच आवाज यायचा म्हणे. खोटी चेन घालून गेलो होतो तेव्हा त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

वजन जाणवत नाही. मुंबईत मे महिन्यात मनगट फुगतं, तेव्हा लॉकच्या कडेच्या छिद्रांत स्प्रिंग बार (स्प्रिंगची बारीक पिन) एक घर सरकवायचा. टाचणीने होतं, पण लोकलमध्ये नाही. २०१० नंतरच्या तारखेच्या सबमरिनरला ग्लाइडलॉक आहे, ते लॉक हत्याराशिवाय सरकतं, त्याचा हेवा वाटतो. डायव्हिंग सूटवर घालायची घडीची जादा कडी मी एकदाही वापरलेली नाही, फक्त पाहुण्यांना उघडून दाखवतो. घामाचा काळा मळ कड्यांत साचतो. महिन्यातून एकदा चेन काढून कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासतो. १४०६० च्या घड्याळाला कडेने आरपार भोकं आहेत, त्यामुळे पिन बाहेरून ढकलली की चेन सुटते, ओरखडा पडत नाही. दोन स्क्रू सैल झाले होते, घड्याळजींनी थेंबभर लॉकटाइट (स्क्रू पक्के करणारा गोंद) लावून बसवले. तक्रार एकच: लॉकवरची सुरक्षेची छोटी पट्टी आता स्वतःहून नीट बसत नाही, अंगठ्याने दाबावी लागते.

खोटी चेन ड्रॉवरमध्ये आहे. एका मित्राने मागितली, दिली नाही. दोन वर्षांनी ती कुणाच्या हातात 'ओरिजिनल' म्हणून पोचेल सांगता येत नाही. लॉकच्या आत, त्या खोट्या मुकुटाच्या खाली, मी खिळ्याने 'खोटी' असं कोरून ठेवलंय. माझं अक्षर वाईट आहे, पण ठसा त्यांच्यापेक्षा खोल आलाय.