झिबिब्बो की कातारात्तो? सिसिलीच्या दोन ऑरेंज वाइन

'ऑरेंज वाइन' म्हटल्यावर नागपूर आठवत असेल तर ते आधी डोक्यातून काढा. संत्र्याचा इथे काडीचाही संबंध नाही. द्राक्षं पांढरीच असतात, फक्त रस काढून साली टाकून न देता सालींसकट आंबवतात, रेड वाइनला आंबवतात तसंच. सालींतून रंग उतरतो, वास उतरतो आणि तुरटपणाही. जॉर्जिया या देशात हा प्रकार हजारो वर्षांचा आहे. 'ऑरेंज' हे नाव मात्र 2004 मधलं, डेव्हिड हार्वी या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्यानं दिलेलं.

सिसिलीला, म्हणजे इटलीच्या दक्षिणेकडच्या बेटावर, निघालेल्या मित्रांचा प्रश्न ठरलेला असतो: बॅगेत एकच बाटली मावेल, कोणती आणू? या प्रकारातली तिथली दोन द्राक्षं मला नीट माहीत आहेत, आणि दोन्हींचा स्वभाव अगदी उलटा आहे.

झिबिब्बोचं नाव अरबी 'झबीब'वरून आलं. झबीब म्हणजे मनुका. त्याचं खरं घर पान्तेल्लेरिया, सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ असलेलं ज्वालामुखीचं बेट. तिथे वारा इतका की वेल मांडवावर चढवतच नाहीत. जमिनीत खळगा करून त्यात बुटकं झुडूप वाढवतात, आणि छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं वाकून, हातानं. या पद्धतीला 2014 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. बाटली महाग का, याचं निम्मं उत्तर त्या वाकलेल्या पाठींत आहे.

हे द्राक्ष मस्कत नावाच्या सुगंधी द्राक्षांच्या घराण्यातलं, आणि मस्कतचा सुगंध मुख्यतः सालीत असतो. त्यामुळे सालींसकट आंबवल्यावर वास दुप्पट अंगावर येतो: गुलाबपाणी, नारिंगाची फुलं, सुकं जर्दाळू. बेट प्रसिद्ध आहे ते द्राक्षं उन्हात सुकवून केलेल्या गोड पासितोसाठी, म्हणून नाक गोडाची तयारी करून बसतं. प्रत्यक्षात घोट ड्राय, म्हणजे गोडवा नाहीच. नाक सांगतं शिरा, जीभ सांगते कोरा चहा. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मी बाटलीवरचं नाव पुन्हा वाचलं होतं. हा गोंधळ काहींना फार आवडतो, काहींना फसवल्यासारखं वाटतं. तुम्हाला अत्तर लावलेलं काहीही खायला आवडत नसेल, गुलकंदसुद्धा, तर इथेच थांबा.

कातारात्तो सिसिलीत सर्वांत जास्त लावलं जाणारं पांढरं द्राक्ष. पिढ्यानपिढ्या मार्साला या तिथल्या कडक वाइनच्या पिंपांत गेलेलं, कुणी फारसं कौतुक न केलेलं. वास विचाराल तर वाळलेलं गवत, लिंबाची साल, थोडा कडू बदाम, बस. पहिल्या घोटाला वाटतं, एवढंच? पण जेवण समोर आलं की चित्र पालटतं. आंबटपणा शाबूत आणि त्यावर सालीचा तुरटपणा, सुपारी चावल्यावर तोंडात राहतो तसा. वांग्याची आंबटगोड कापोनाता असो, बडीशेपेचा पाला, बेदाणे आणि सार्डिन घातलेला पास्ता असो, तेलकटपणा साफ पुसला जातो. झिबिब्बो याच जेवणाबरोबर घेतली तर दुसऱ्या ग्लासापर्यंत अत्तराच्या दुकानात पंगत बसल्यासारखं होतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. आयुष्यातली पहिली ऑरेंज वाइन, तीही संध्याकाळी गप्पा मारत, चीजच्या तुकड्याबरोबर: झिबिब्बो. चार माणसं जेवायला येणार आहेत: कातारात्तो, न विचारता. मी स्वतःसाठी हल्ली कातारात्तोच आणतो, आणि खिशालाही तीच बरी पडते.

मात्र द्राक्षाच्या नावाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा: साली किती दिवस ठेवल्या? तीन-चार दिवसांची वाइन फिक्या सोन्यासारखी आणि सौम्य, काही महिन्यांची पितळी रंगाची आणि चांगलीच तुरट. लेबलवर 'ऑरेंज' लिहिलेलं असेलच असं नाही. 'माचेरातो' किंवा 'बुच्चे' (म्हणजे साली) हे शब्द शोधा. मातीच्या रांजणात केली असेल तर 'आन्फोरा' दिसेल. आल्कामोच्या आल्दो व्हिओलांची क्रिमिसो हा कातारात्तोचा बऱ्यापैकी टोकाचा नमुना. गाब्रिओ बिनींची सेर्राग्या झिबिब्बो जमिनीत पुरलेल्या रांजणांत होते, आणि तिची किंमत ऐकून घेण्याआधी बसून घ्या. झिबिब्बो सिसिलीच्या मुख्य बेटावरही पिकतं, तेव्हा पान्तेल्लेरियाचीच हवी असेल तर लेबलवर ते नाव बघूनच घ्या.

दोन्ही बाटल्यांना एकच पथ्य. फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. मी एकदा पाहुण्यांपुढे बर्फगार ओतली. वास गेला आणि उरला नुसता कच्च्या केळ्याचा तुरटपणा. 12 ते 14 अंश पुरे. तळाला गाळ असेल, त्याला घाबरू नका.

आणि दोन्हींत जीव अडकलाच तर ग्रिल्लो बघा. ते याच दोन द्राक्षांचं अपत्य. बॅरन अंतोनिओ मेंदोला यांनी एकोणिसाव्या शतकात संकर करून तयार केलेलं. त्याचीही सालींसकट आंबवलेली वाइन मिळते. मी प्यायलो ती बाटली चार आणे झिबिब्बो होती, बारा आणे कातारात्तो.