ऑस्ट्रेलियाचा म्हणून विकलेला बडोद्याचा बेडूक

बडोद्यात ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ विकणारा कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर भेटला, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. आमचे साडेनऊ हजार बेडकापायी गेले, साडेतीन हजार ‘परवान्या’चे वेगळे.

माणूस बोलायला गोड. “बेन, ओरिजिनल इम्पोर्टेड छे,” हे पालुपद. पण तो पकडीत यायचा नाही, कारण त्याचं बरंचसं बोलणं खरंच होतं. हा बेडूक ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, खरं. नीट सांभाळला तर पंधरा वर्षंही जगतो, तेही खरं. फोटोत तो पोपटी आणि गुबगुबीत होता. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डब्यातून निघाला तो मातकट, सडपातळ. विचारलं तर म्हणाला, “प्रवासाचा ताण आहे, हा रंग बदलतो.” मुलानं शोधून पाहिलं, तर व्हाइट्स ट्री फ्रॉग थंडीनं किंवा ताणानं हिरव्याचा तपकिरी होतो, हे बरोबर निघालं. आता भांडायचं कशावरून?

पाण्याचंही तेच. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, म्हणून नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला बाधतं. हे सांगून त्यानं ‘ट्रॉपिकल वॉटर’च्या बाटल्या गळ्यात मारल्या. मत्स्यालयाच्या कुठल्याही दुकानात क्लोरीन घालवणारं औषध मिळतं, थोड्या थेंबांत बादलीभर पाण्याचं काम होतं. हीटिंग मॅटही दिली. बडोद्यात, मे महिन्यात! पारा चाळीसच्या वर असताना त्या जिवाला ऊब कसली देता? काचेची पेटी आम्ही घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवली होती आणि दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारत होतो.

परवान्याचा डाव सगळ्यात सराईत. विदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, 2024 चे नियम आहेत, नाहीतर वनखातं घरी येईल, असं घाबरवून त्यानं फी घेतली आणि शिक्क्याची पावती धाडली. नियम खरे आहेत. पण ते ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी आहेत. लाल डोळ्यांचा मध्य अमेरिकी ट्री फ्रॉग त्यांत येतो, व्हाइट्स येत नाही. म्हणजे बेडूक अस्सल असता, तरी ही फी खोटीच ठरली असती. आयात केलेल्या प्राण्याचे खरे कागद म्हणजे आयात परवाना आणि क्वारंटाइनची कागदपत्रं. ती मागितल्यावर त्यानं तीच पावती पुन्हा पाठवली.

पहिला पाऊस पडला आणि भांडं फुटलं. रात्री न्हाणीघरात गिझरच्या पाइपावर हुबेहूब आमचाच बेडूक बसलेला. मुलगा पेटीकडे धावला, तर पेटीतला पेटीतच! वस्तीत शिरलेल्या मगरी पकडायला जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक जण ओळखीचे आहेत, त्यांना दोघांचे फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं: दोन्ही आपल्याकडचे साधे झाडबेडूक, शास्त्रीय नाव पॉलीपेडेट्स मॅक्युलॅटस. पावसाळ्यात पाण्याच्या वर फेसाचं घरटं करतात ते.

ओळखायचं कसं, हेही त्यांनीच सांगितलं. रंगावर जाऊ नका. मागचा पाय लांब झाला की मांडीची मागची बाजू बघा. तिथं गडद रंगावर पिवळे गोल ठिपके दिसले तर तो आपला देशी. बोटांच्या टोकांच्या चकत्या दोघांनाही असतात, डोळ्यातली आडवी बाहुलीही दोघांना, त्यामुळे “बघा, काचेवर चढतो” हा विक्रेत्याचा पुरावा कवडीमोलाचा.

बेडूक त्यांनीच नेला. महिनाभर बंद पेटीत राहिलेला प्राणी परस्पर तळ्याकाठी सोडू नये, कातडीचे रोग पसरू शकतात, असं ते म्हणाले. आधी तपासणी होणार.

पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. तिथं पहिला प्रश्न होता, पैसे कधी पाठवले? उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकलेली असते, आमचीही सरकली होती. चॅट, पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळं जपून ठेवलं होतं म्हणून अर्ज तरी धड झाला. अजून एक रुपयाही परत आलेला नाही.

आम्हाला त्यानं ब्लॉक केलंय. भाच्याच्या फोनवर मात्र गेल्या आठवड्यात नव्या नंबरावरून ‘पॅकमॅन फ्रॉग’ या दुसऱ्या विदेशी बेडकाची जाहिरात आली. नाव निराळं, नोंदणीची फी तीच साडेतीन हजार.